प्याला आता तुझ्याकडे

जुम्बेर मास्तरांनी गावातल्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला, पण लोक त्यांना ओळखत ते तमादा म्हणून. मेजवानी म्हटली की तमादा लागतोच. प्याला केव्हा उचलायचा, कुणाच्या नावानं उचलायचा हे त्यानं ठरवायचं; आधी त्यानं बोलायचं, मग बाकीच्यांनी. झेस्ताफोनीच्या आसपासच्या खेड्यांत बोलघेवड्यांची काही वाण नाही. तरीही जुम्बेर मास्तर उभे राहिले की लोक हातातला घास खाली ठेवत. लग्नाच्या तारखा त्यांना विचारून धरल्या जात.

एप्रिलमध्ये द्राक्षवेली बांधता बांधता ते मळ्यातच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय महिन्याभरात ताळ्यावर आले, वाचा मात्र आली नाही. दुसऱ्याचं बोलणं सगळं समजायचं, डोळ्यांत उत्तरही दिसायचं, पण तोंडातून निघायचं ते एवढंच, "नाही, नाही." चहा नको असला तरी "नाही, नाही", आणि हवा असला तरी तेच.

मग कुतैसीच्या दवाखान्यातून पिक्रिया आठवड्यातून दोनदा मिनीबसनं यायला लागली. गेलेली वाचा परत आणणं हे तिचं काम. तिशी ओलांडलेली, शांत, कामात चोख. एका माणसासमोर ती तासन्‌तास बोलू शके. चारजण जमले की तिला पुढचं वाक्य सुचत नसे. भावाच्या लग्नात तिच्यावर बोलायची पाळी आली होती, तेव्हा हातात प्याला घेऊन ती नुसती उभी राहिली होती. शेवटी एका आतेभावानं "बसा आता, वाईन गरम झाली," म्हणून सगळ्यांना हसवलं. तेव्हापासून मेजवानीत ती स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची धरायची.

मास्तरांसमोर तिनं चित्रांचे पत्ते मांडले. सफरचंद, किल्ली, मांजर.

"हे काय आहे, मास्तर?"

"नाही, नाही."

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी ते पत्ते गोळा केले, नीट एकावर एक रचले आणि तिच्या पिशवीत परत घालून टाकले. रागानं नव्हे, वर्गात एखाद्या पोरानं आणलेलं नको ते खेळणं ठेवून द्यावं तसे.

"मनावर घेऊ नकोस ग," त्यांची बायको नानुली म्हणाली. "तुझी इडापिडा मला लागो. साऱ्या गावाला यांनी नकाशे वाचायला शिकवले, आणि आता कुणीतरी यांना मांजर दाखवतंय. चल, जेवून घे."

जेवल्याशिवाय कुणाला फाटकाबाहेर सोडायची त्या घरात रीत नव्हती. चीज भरलेली गरम खाचापुरी आली, अक्रोडाच्या वाटणातला पालक आला. पिक्रियाला घरची पांढरी वाईन, मास्तरांना डॉक्टरांच्या हुकमानं डाळिंबाचा रस. काहीतरी म्हणायला हवं म्हणून पिक्रियानं प्याला उचलला.

"नानुलीमावशी, तुमच्या हाताला..." आणि पुढचं काही सुचेना.

"गाउमार्जोस!"

विजय असो, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक प्याल्यामागे म्हणतात. पण म्हणाले होते जुम्बेर मास्तर, आणि खणखणीत आवाजात. तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

"या घराला, या चुलीला, आणि चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या हातांना! या दाराशी आलेला कुणी उपाशी जाऊ नये!"

नानुली होती तिथेच स्टुलावर बसली. मास्तर स्वतःच चकित होऊन प्याल्याकडे पाहत होते, जणू आवाज त्यातून आला होता. पिक्रियानं घाईघाईनं खाचापुरीकडे बोट केलं.

"मास्तर, हे काय आहे?"

त्यांनी तोंड उघडलं. कपाळावर आठ्या पडल्या. "नाही," ते हळूच म्हणाले. "नाही, नाही."

परतीच्या वाटेवर पिक्रियाला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. माणूस जे वाक्य जन्मभर घोकत आलेला असतो ते मेंदूत निराळ्याच जागी मुरतं, हे तिनं शिकताना वाचलं होतं. गाणी, प्रार्थना, शिव्या असं काय काय वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून अवचित बाहेर पडतं. पण प्याला उचलून बोलायचे शब्द? त्यातले कुठवरचे मुरलेले असतात? आणि जिथं मुरलेलं संपतं तिथं काय सुरू होतं? विचारांच्या नादात तिचा थांबा मागे राहिला.

पुढच्या खेपेला तिनं पत्ते आणलेच नाहीत.

"मावशी, मेज मांडा."

"आत्ता? सकाळी?"

"आत्ता."

द्राक्षांच्या मांडवाखाली तिघांनी मेज मांडलं. मास्तरांच्या हातात रसाचा प्याला आल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. पहिला प्याला शांततेचा. तो सुरळीत पार पडला. दुसरा मायभूमीचा, तोही. गेलेल्यांच्या नावाचा प्याला उचलताना त्यांनी आवाज इतका खाली आणला की कोंबड्यांची कुरकुरही ऐकू येऊ लागली. मग ते पिक्रियाकडे वळले.

"आणि आज आमच्या मेजावर बसलेल्या या... या..."

इथं गाडी अडली. पिक्रियानं ते मनात टिपून ठेवलं. जे कुणालाही म्हणता येईल ते सगळं येत होतं. जे फक्त एकाच माणसाविषयी म्हणायचं ते येत नव्हतं.

मास्तरांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि प्याला तिच्या दिशेनं वळवला. "अलावेर्दी!"

तमादानं अलावेर्दी म्हणून ज्याच्याकडे प्याला वळवला त्यानं बोलणं पुढे न्यायचं असतं. त्याला नकार नसतो.

"मी? मास्तर, इथं पेशंट तुम्ही आहात."

"अलावेर्दी," मास्तर पुन्हा म्हणाले. अडल्यावर म्हणायला 'नाही'खेरीज दुसरा शब्द सापडला म्हणून त्यांचा चेहरा इतका खुलला होता की तिला उठावंच लागलं.

"आईवडिलांच्या नावानं," ती म्हणाली. "आईवडील म्हणजे आपलं सर्वस्व. त्यांचे उपकार कधी फिटत नाहीत, आणि..."

"नाही, नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ नाही असा होता. मास्तरांनी खाचापुरीवर बोट टेकवलं, मग सुरईवर, मग डोक्यावरच्या वेलीवर. एकेक वस्तू दाखवून त्यांनी शेवटी तिच्याकडे बोट केलं.

"काय हवंय यांना?" पिक्रियानं विचारलं.

"मला काय विचारतेस?" नानुली म्हणाली. "जन्मभर यांची अर्धीच बोलणी ऐकली मी. रंगात आले की नेमकं तेव्हाच मला आतून पुढचं ताट आणायचं असायचं."

पिक्रियानं विचार केला. हात लावता येईल असं काहीतरी हवं होतं त्यांना.

"माझी आई कुतैसीत ट्रॉलीबस चालवायची," ती सावकाश म्हणाली. "पुलावर आली की गाडी अगदी हळू करायची. लोक ओरडायचे, बाई, झोप लागली का? ती म्हणायची, जरा नदी बघा, तिचं तिकीट नाही."

मास्तर पुढे झुकले. नानुली हसली. त्या हसण्यानं पिक्रियाला जोर चढला.

"म्हणजेच आईचं प्रेम हे असं असतं की..."

मास्तरांचा पंजा मेजावर असा आपटला की सुरई हादरली. गोष्ट नदीपाशीच संपली असं सांगावं तसा मास्तरांनी प्याला उंचावला, आणि सगळा रस एका दमात पिऊन टाकला.

उन्हाळाभर हे चाललं. तिबिलिसीहून सून तान्ह्या लिलेला घेऊन आली होती, तीही कधीमधी मेजाशी येऊन बसे. मास्तरांना एकेक शब्द सापडत होता. कधी सापडलेला हरवत होता. पिक्रियाला मात्र वाटू लागलं होतं की या दोघांत नक्की कोण कुणावर उपचार करतंय हे दवाखान्याला कळलं तर कठीण आहे.

तिचं वाक्य शेवटाकडे पुटपुटल्यासारखं होई. एकदा ती बोलत असताना मास्तर उठले आणि कानामागे हात धरून मागे मागे चालू लागले. ते थांबेनात, विहिरीपर्यंत गेले, तिथून नाशपातीच्या झाडापर्यंत. आवाज पोचेनासा झाला की कान दाखवायचे. पिक्रिया ओरडू लागली, तेव्हा त्यांनी मान हलवली. ओरडणं नको होतं. बऱ्याच प्रयत्नांनी तिला उमगलं की शब्द घशातून ढकलायचे नाहीत. झाडाखालच्या त्या माणसाला सांगायचंय एवढंच धरून बोललं की आवाज आपोआप तिथवर जातो.

कुंपणावरून शेजाऱ्याचं डोकं वर आलं. हा गोचा. मास्तर आजारी पडल्यापासून गावचा तमादा तोच होता. त्याचं बोलणं नोहाच्या नौकेपासून सुरू होई आणि नवऱ्यामुलापर्यंत पोचेतो रस्सा गार पडे.

"काय हो, दवाखान्यानं नवीन तमादा पाठवला की काय?"

"मास्तर शिकवतायत मला," पिक्रिया म्हणाली.

"मास्तर? त्यांना स्वतःला बोलता येईना!"

"तुला येतं ना बोलता, गोचा," नानुली दोरीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "थांबता येत नाही एवढंच. याला काही औषध आहे का ग, पिक्रिया?"

गोचा खो खो हसला, पण डोकं काही खाली गेलं नाही. एक अनोळखी माणूस काय वाढला, आणि पिक्रियाचं सगळं शिकलेलं पळालं. तिनं प्याला ठेवून दिला.

"मास्तर, तुम्हाला कधी भीती वाटली होती का हो?"

मास्तरांनी खुर्चीवर बसून आपला उजवा गुडघा दाखवला. मग तो थडथडा उडवला आणि मिस्कील हसले.

"अग, यांचा गुडघा!" नानुली म्हणाली. "उठायच्या आधी मेजाखाली असा उडायचा की बश्या वाजायच्या. शेजारी बसणाऱ्याला वाटायचं, भूकंप झाला."

"सुरुवातीला ना?"

"सुरुवातीला कसली? परवाच्या नाताळापर्यंत. दर वेळी."

पिक्रिया त्या गुडघ्याकडे पाहतच राहिली. भीती गेली की बोलता येईल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. इथं एक माणूस भीती शेजारी बसवून जन्मभर बोलला होता. हे तिला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. तिनं प्याला पुन्हा उचलला आणि कुंपणाकडे तोंड करून गोचालाच दोन शब्द ऐकवले. फार चांगले नव्हते, पण ऐकवले.

ऑक्टोबरात लिलेचा बाप्तिस्मा ठरला. मास्तरांचा मुलगा मालखाज तयारीला आला. तो हिशेबी, कमी बोलणारा गृहस्थ. त्यानं पिक्रियाला फाटकाशी गाठलं.

"एक सांगतो, राग मानू नका. बाबांना त्या दिवशी उभं करू नका. तुमचं इथलं चाललंय ते छान आहे. पण साठ माणसांसमोर बाबा 'नाही, नाही' करत उभे राहिलेले मला बघवणार नाहीत. लोकांनी त्यांना ऐकलंय हो. तेच त्यांच्या लक्षात राहू दे."

"ते मी नाही ठरवू शकत."

"मग कोण ठरवणार? त्यांना बोलता येत असतं तर त्यांना विचारलं असतं."

"त्यांना विचारा ना," पिक्रिया म्हणाली. "ऐकू तर येतंय."

मालखाजनं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर पिक्रियालाही खात्री नव्हती. मास्तर त्या दिवशी अडले तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, याचा घोर तिलाही होता.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मांडवाखाली मेजं जोडून लांबच लांब केली होती. अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी, मक्याच्या भाकऱ्या, ताटांवर ताटं. मेजाच्या डोक्याशी गोचा, त्याच्या उजवीकडे मास्तर. पिक्रिया सवयीनं स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीकडे निघाली होती, पण नानुलीनं तिला दंडाला धरून मध्यावर नेऊन बसवलं.

गोचानं शांततेचा प्याला नोहापासून सुरू केला. मायभूमीच्या प्याल्याला तर त्यानं डोंगरही सोडले नाहीत. मुलांच्या नावाचा प्याला आला तेव्हा सगळ्यांनी बूड सावरून घेतलं. पण गोचा उठला, प्याल्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "लोकहो, मी या खुर्चीवर बसतो खरा, पण मला चोरी केल्यासारखं वाटतं. नात यांची आहे. अलावेर्दी, मास्तर!"

मालखाजचा चेहरा पांढराफटक पडला. मेजावरच्या बश्या बारीक वाजू लागल्या. पिक्रियानं खाली न पाहताच ओळखलं. मग मास्तर उभे राहिले.

"मुलांना," ते म्हणाले. "ज्यांच्यामुळे घराला घर म्हणायचं त्यांना. आपण लावलेल्या वेलीची द्राक्षं जे खातील त्यांना. त्यांच्या वाट्याला आपल्याहून जास्त ऊन येवो, आपल्याहून कमी वारा येवो..." आवाज तोच होता. जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आज... आज आमच्या या... या..."

थांबले. ओठ हलले. "नाही," ते म्हणाले. "नाही, नाही."

लोक आपापल्या ताटात पाहू लागले. मालखाज नाव सांगायला अर्धवट उठला. पिक्रियाच्याही जिभेवर ते नाव होतं. अडलेल्याला पहिलं अक्षर द्यायचं हा तिचा रोजचा धंदा. पण मास्तरांचे डोळे शोधत होते, आणि शोधणाऱ्याच्या हातून काम काढून घेणं तिला जिवावर आलं. ती थांबली. मास्तरांची नजर मेजावरून फिरत फिरत तिच्यापाशी आली.

"अलावेर्दी," ते म्हणाले. "पोरी."

पिक्रिया उठली. गुडघा उडत होता, उडू दे म्हणाली. तिनं सगळ्यात टोकाला, नाशपातीच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सांगू लागली.

"या उन्हाळ्यात इथं अंगणात एक चटई असायची. तिच्यावर दोघं बसायची. एकाचं वय सत्तरीच्या पुढं, एकीचं वर्षाच्या आत. दोघंही एकच शब्द शोधत होती. पाणी. हा पेला दाखवायचा, तीही पेला दाखवायची. हा तोंड उघडायचा, ती त्याच्या तोंडात बघायची, शब्द आत कुठं अडकलाय का म्हणून."

कुणीतरी हसलं. ती थांबली, हसू ओसरू दिलं.

"ऑगस्टात तिला तो सापडला. 'पानी' म्हणाली. आजोबांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की कोंबड्या पळाल्या. मग ती रोज त्याच्यासमोर पेला धरून म्हणायची, पानी, पानी. हा नाही म्हणायचा तरी सोडायची नाही. आणि पुढच्या आठवड्यात हाही म्हणाला. मी तिथं होते. आम्ही दवाखान्यातली माणसं बरीच वर्षं शिकून येतो. त्याला शिकवलं तिनं."

यावर आणखी बरंच काही म्हणता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. तिनं ते तिथंच राहू दिलं.

"लिलेला," ती म्हणाली आणि प्याला उंचावला.

गोचानं तोंड उघडलं, नोहा जवळजवळ बाहेर आला होता, पण त्यानं तो गिळला आणि फक्त म्हणाला, "गाउमार्जोस!"

साठ गळे एकदम उठले. मास्तर अजून उभेच होते. त्यांनी आईच्या कडेवरच्या नातीकडे प्याला केला, आणि साऱ्या आवाजांवरून त्यांचा आवाज गेला.

"गाउमार्जोस, नानुली!"

"आले, आले!" आतून नानुली ओरडली. हातात ताट घेऊन ती लगबगीनं दारात आली. "काय हवंय?"

मेजावर हशा पिकला. नाव चुकलं होतं. नातीऐवजी बायकोला हाक गेली होती. मास्तरही हसू लागले. नानुली मात्र हसली नाही. एप्रिलपासून त्या नावानं तिला या माणसानं हाक मारली नव्हती, आणि तिनं अंगवळणी पडल्यासारखी ओ दिली होती. आता तिच्या ते ध्यानात आलं. ताट कुणीतरी तिच्या हातातून घेतलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. त्या दिवशी पुढची सगळी बोलणी तिनं बसून पुरी ऐकली, गोचाचीसुद्धा.

माणसं पांगू लागली तेव्हा मालखाज सुरई घेऊन पिक्रियापाशी आला.

"तुमच्यावर रागावलो होतो मी."

"माहीत आहे."

"अजून थोडा आहे."

"असू दे," पिक्रिया म्हणाली. त्यानं तिचा प्याला भरला, स्वतःचाही भरला, आणि दोघांनी काही न बोलता घेतला.

मास्तर पुन्हा पुरत्या मेजवानीचे तमादा झाले नाहीत. एखादा प्याला उचलत, कधी शेवटापर्यंत जात, कधी वाटेत दुसऱ्याकडे सोपवत. त्यात कुणाला काही वाटेनासं झालं. पिक्रियाला मात्र त्या हिवाळ्यात एका विचारानं झपाटलं. कुतैसीच्या दवाखान्यात तिनं एका खोलीत मेज मांडलं, डाळिंबाचा रस ठेवला आणि वाचा गेलेल्या पाचसहा जणांना भोवती बसवलं. पहिला प्याला ती स्वतः उचलायची, गुडघा सांभाळत. पुरुषांपैकी बरेचजण मागून बोलू लागले. त्सियाला नावाच्या एका बाईंच्या तोंडून मात्र काही निघेना. बालवाडीत स्वयंपाक करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मेजाशी त्या कधी बसल्याच नव्हत्या, मग प्याल्याचे शब्द त्यांच्यात मुरणार कुठून?

पिक्रिया बरेच दिवस विचार करत राहिली. ही बाई जन्मभर काय म्हणत आली असेल? एका सकाळी तिनं त्यांच्या हातातला प्याला काढून घेतला, रश्शाचं पातेलं आणि पळी समोर ठेवली, आणि स्वतः रिकामी ताटली पुढे केली.

त्सियालाबाईंनी पळी बुडवली. ताटलीकडे पाहिलं, मग पिक्रियाकडे पाहिलं.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "खा ग पोरी, नुसती हाडं दिसतायत."